मिस क्रॅबट्रीचं आइस्क्रीम : शिक्षा की युक्ती?

फुलपात्र
अमेरिकी निर्माता हॅल रोचच्या 'अवर गँग' या व्रात्य पोरांच्या टोळीवरच्या विनोदी लघुपटमालिकेतला 'टीचर्स पेट' (१९३०) इथे कुणी पाहिलाय का? दोन रिळांचा, वीसेक मिनिटांचा बोलपट.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट. पोरांच्या लाडक्या मिस मॅकगिलिकडी लग्न करून शाळा सोडून गेल्यात. नव्या येणार त्यांचं आडनाव क्रॅबट्री (इंग्रजीत 'क्रॅबी' म्हणजे चिडखोर). असलं आडनाव म्हणजे बाई म्हातारी आणि खाष्टच असणार, हे जॅकीनं (जॅकी कूपर, तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा) परस्पर ठरवून टाकलंय. मग कट शिजतो. शिंकांची पूड, पांढरा उंदीर, लाल मुंग्या, सगळी जय्यत तयारी. त्यावर कडी म्हणजे एका छोट्याला पढवून ठेवलंय, की वर्गात येऊन 'यांना घरी बोलावलंय' म्हणून सांग. शाळेच्या वाटेवर एक देखणी तरुणी जॅकीला आपल्या गाडीतून सोडते आणि हा दीडशहाणा तिलाच सगळा बेत तिखटमीठ लावून सांगतो. ती कोण हे तुम्हाला कळलंच असेल.

पुढे वर्गात या टोळीचं जे व्हायचं ते होतं. 'घरी बोलावलंय' म्हटल्यावर बाई हसतमुखानं सोडतात, आणि इकडे वर्गासाठी केक नि आइस्क्रीम येतं. बाकीची पोरं मिटक्या मारतायत, कटवाले बाहेर.

मला हा शेवटपर्यंत गोड वाटला. बायकोचं म्हणणं, ही शुद्ध छळवणूक आहे, फक्त हसून केलेली. सात वर्षांची लेक उंदराला खिदळली, पण जॅकी बाहेर गेल्यावर गप्प झाली. तर मंडळी, बाईंनी केलं ते बरोबर होतं का? मुलांना असले सिनेमे दाखवताना तुम्ही काय बघता?

टिवल्याबावल्या
रुमाल टाकून ठेवतो. आइस्क्रीम कुठल्या फ्लेवरचं होतं त्यावर माझं मत ठरेल.

सांगलीकर_बाई
प्राथमिक शाळेत आयुष्य गेलंय, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

फुलपात्र, तुमच्या सौ. ना माझा नमस्कार सांगा, पण मला त्यांचं पटलं नाही. बाईंनी जॅकीला बाहेर काढलेलं नाही. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं, माणूस त्यानं पेरला, निरोप त्यानं आणवला. बाईंनी तो निरोप फक्त खरा मानला. वर्गात हे करणं किती अवघड असतं हे बाहेरच्याला नाही कळायचं. पोरगं डोळ्यांत बघून थाप मारत असतं, आपल्याला ठाऊक असतं, आणि जीभ नुसती शिवशिवत असते. 'काय रे, मला मूर्ख समजतोस का' हे वाक्य गिळायला फार वर्षं लागतात. या बाई पहिल्याच दिवशी गिळून मोकळ्या झाल्या.

आणि शेवट का नाही सांगितलात? जॅकी बाहेर झाडाखाली रडत बसतो, तेव्हा बाई स्वतः आइस्क्रीम घेऊन त्याच्याकडे जातात. वर्ग सोडून जातात! तेही पहिल्या दिवशी! आमच्या वेळी साहेब तपासणीला आले असते तर मेमो मिळाला असता.

वकीलवाडा
शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा तर नाहीच, मानसिक त्रासही द्यायचा नाही. सगळ्या वर्गासमोर आइस्क्रीमपासून वंचित ठेवणं हा मानसिक त्रास आहे की नाही यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकतो. फी वेगळी.

टिवल्याबावल्या
@वकीलवाडा हहपुवा (हसून हसून पुरेवाट). जॅकीतर्फे वकीलपत्र घ्या. फी एक कप व्हॅनिला.

खडूस_मावशी
सगळे आइस्क्रीमवर घसरलेत. मला या सिनेमात वेगळंच खुपतं. जॅकीचं मन पालटतं कशानं? बाई देखण्या निघाल्या म्हणून. शेवटी तो काय म्हणतो? तुम्ही किती सुंदर आहात, मिस मॅकगिलिकडींपेक्षाही. मग मिस क्रॅबट्री खरोखरच पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या असत्या तर? त्यांच्या टेबलावर मुंग्या सोडणं माफ होतं का? मी स्वतः गणित शिकवायचे आणि माझं तोंड कायम त्रासिक दिसतं, त्यामुळे हा प्रश्न मला व्यक्तिगत पातळीवर लागू आहे.

सांगलीकर_बाई
मावशी, मुद्दा बिनतोड आहे. पण पहिलीदुसरीतली पोरं सुंदर कुणाला म्हणतात माहीत आहे ना? जी बाई ओरडत नाही तिला. मलाही एक पोर 'बाई, तुम्ही लई भारी दिसता' म्हणायचं. माझा फोटो टाकला तर तुम्हाला त्याच्या नजरेची काळजी वाटेल.

पडद्यामागे
देखणेपणाचा विषय निघालाच आहे तर थोडं पडद्यामागचं.

मिस क्रॅबट्री झाली होती जून मार्लो. मूळ नाव गिझेला गोएटन, मिनेसोटातल्या सेंट क्लाउडची. मूकपटांच्या काळात रिन-टिन-टिन या सुप्रसिद्ध कुत्र्याबरोबर तिनं कामं केली होती. केस मुळात काळेभोर. या मालिकेसाठी तिला सोनेरी टोप चढवला. त्यामुळे मावशी, जॅकी ज्या सौंदर्यावर भाळला त्यातला निम्मा भाग वेशभूषा खात्याचा होता.

दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन. मालिका १९२२ ला सुरू झाली तेव्हा सिनेमा मुका होता. चित्रण चालू असताना हा गृहस्थ कॅमेऱ्यामागून पोरांना ओरडून सांगायचा, आता इकडे बघ, आता दचक. निम्म्या पोरांना वाचता येत नव्हतं, तेव्हा पटकथा देऊन उपयोग काय? १९२९ मध्ये मालिका बोलू लागली आणि मॅकगोवनचं तोंड बंद झालं. म्हणून सुरुवातीच्या बोलपटांत मुलं कधीकधी पाठ केलेलं म्हणून दाखवतात, मध्येच थबकतात. मला ते थबकणंच आवडतं. खऱ्या वर्गात मुलं तशीच बोलतात.

'टीचर्स पेट'चं आणखी एक महत्त्व म्हणजे लेरॉय शील्डची 'गुड ओल्ड डेज' ही धून. पुढे तीच मालिकेची ओळख बनली. श्रेयनामावलीही पाटीवर येत नाही, दोन जुळ्या मुली ती तोंडानं म्हणून दाखवतात.

नाना_जर्सीकर
वा, पडद्यामागे! ती धून आमच्या ऑफिसातला एक गोरा म्हातारा सहकारी लिफ्टमध्ये शिट्टीवर वाजवायचा. इकडे अमेरिकेत या पिढीला हे सिनेमे थिएटरमधून माहीत नाहीत, टीव्हीवरून माहीत आहेत. १९५५ पासून ते 'द लिटल रॅस्कल्स' नावानं दाखवले गेले. नाव बदलावं लागलं, कारण १९३८ ला रोचनं मालिका एमजीएम या स्टुडिओला विकली आणि 'अवर गँग' हे नाव त्यांच्याकडे गेलं. एमजीएमनं १९४४ पर्यंत ५२ काढले, पण त्यांत मजा नाही. मुलं आपली उपदेश करत सुटतात. सगळे धरून २२० लघुपट होतात.

फुलपात्र, मुलांना काय बघून दाखवता असं विचारलंत म्हणून सांगतो. आम्ही मुलीला दाखवताना अडखळलो ते वेगळ्याच जागी. फरीना, स्टायमी ही टोळीतली काळी मुलं. एकीकडे ती गोऱ्या मुलांच्या शेजारी, त्याच बाकावर बसतात. तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत कायद्यानं वेगळ्या शाळा होत्या, तो अडसर सर्वोच्च न्यायालयानं काढला १९५४ साली. दुसरीकडे त्याच मुलांच्या तोंडी टरबूज नि भुतांची भीती असले काळ्यांची टर उडवणारे ठरलेले विनोद. १९७१ मध्ये टीव्हीवाल्यांनी असे तुकडे कापून काढले, तर काही लघुपट एवढे छाटले गेले की गोष्टच लागेना. आम्ही न कापलेले दाखवले आणि मध्ये थांबवून बोललो. लेक म्हणाली, 'बाबा, तुम्ही फार थांबवता.'

आडनाव_कशाला
नाना, एक भर. रोचनं १९४७ ला 'कर्ली' नावाचा रंगीत सिनेमा काढला. पुन्हा तीच शाळा, तीच व्रात्य पोरं आणि नव्या बाई. मेंफिस शहराच्या सेन्सॉर प्रमुखानं, लॉइड बिनफर्डनं, त्यावर बंदी घातली. कारण काय, तर त्यात काळी मुलं गोऱ्या मुलांबरोबर शाळेत दिसतात! मामला कोर्टात गेला. म्हणजे शिंकांची पूड चालली, उंदीर चालला, सामाईक बाक तेवढा नाही चालला.

खडूस_मावशी
हे माहीत नव्हतं. आपल्याकडे मडक्यावरून किती झालंय ते आठवलं. असो, धागा भरकटेल.

गिरगावकर
धागा भरकटवायला मी आलोच आहे.

पांढरा उंदीर वगैरे गोऱ्या लोकांचे चोचले. आमच्याकडे खाजकुयली. सहलीहून एकानं कागदात बांधून आणली आणि सोमवारी पहिल्या तासाआधी मास्तरांच्या खुर्चीवर भुरभुरली. मास्तर आले. खुर्चीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि उभ्यानंच तास घेतला. तास संपताना म्हणाले, 'आज मॉनिटरनं इथे बसून पाढे म्हणवून घ्यायचे.' मॉनिटर हाच कागदवाला. एकवीसचा पाढा एवढ्या तालात मी पुन्हा ऐकला नाही.

मिस क्रॅबट्री काय, आमचे मास्तर काय, पद्धत एकच : तुझ्याच हातानं तुला वाढतो.

टिवल्याबावल्या
'एवढ्या तालात' 😂 मेलो. वकीलसाहेब, कलम १७?

वकीलवाडा
घटना २००९ पूर्वीची दिसते. मुदतबाह्य.

रेवाकाठ
सगळे मास्तरांच्या हुशारीवर खूश आहेत, म्हणून मुद्दाम उलट्या बाजूला बसते.

'टीचर्स पेट' मला लाच वाटतो. मुलांचं बंड आइस्क्रीमनं विकत घेतलंय. जॅकीचा राग खरा होता की! लाडक्या बाई न सांगता निघून गेल्या, त्याबद्दल पोरांशी कुणी एक अक्षर बोललेलं नाही. मोठ्यांनी ठरवलं, मुलांनी मानायचं. त्या रागाचं काय झालं? तो केकखाली पुरला.

याच्या तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये ज्याँ व्हिगोनं 'झीरो द काँद्युइत' केला. पाऊण तासाचा. वसतिगृहातली मुलं, जाच करणारे मास्तर. त्यात एक मात्र असा, की जो पोरांच्यात चॅप्लिनची नक्कल करतो आणि वर्गातच हातांवर उभा राहतो. मुख्याध्यापक बुटका, दाढीवाला, टोपी ठेवायलाही त्याला टाचा उंचवाव्या लागतात. रात्री उशांची मारामारी होते, पिसं बर्फासारखी उडत राहतात आणि मुलं मिरवणूक काढतात. शेवटी समारंभाच्या दिवशी छपरावर चढून पाहुण्यांवर सामानाचा मारा. कुणी समजूत घालत नाही, आइस्क्रीम आणत नाही. म्हणूनच फ्रान्सनं तो १९४५ पर्यंत बंद करून ठेवला. मिस क्रॅबट्रीवर कुठलं सरकार बंदी घालेल? ती सरकारला सोयीचीच आहे.

पडद्यामागे
@रेवाकाठ, व्हिगो थोर हे मान्यच. बिचारा २९ व्या वर्षी गेला. पण तुलना जुळत नाही. व्हिगो स्वतः वसतिगृहात पिचलेला मुलगा होता, हिशेब चुकता करत होता. रोच आठवडी बाजाराचा माल बनवत होता, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायला. त्याच्याकडे बंड मागणं जास्त होतं.

आणि पुरलेल्या रागाचं म्हणाल तर पुढचा भाग बघा, 'स्कूल्स आउट' (तेच वर्ष, १९३०). त्यात पोरांना धास्ती की या बाईही लग्न करून जाणार. बाईंचा सख्खा भाऊ भेटायला येतो, त्याला ती नवरामुलगा समजतात आणि बाईंबद्दल वाट्टेल ते भरवून देतात. तो पोहायला उतरल्यावर त्याचे कपडे पळवतात. म्हणजे मॅकगिलिकडी गेल्याची जखम भरलेली नाहीच. तुम्ही म्हणता तो राग रोच-मॅकगोवनना दिसला होता. त्यांनी त्यावर पुढची वीस मिनिटं काढली, एवढंच.

रेवाकाठ
हे मात्र आवडलं. 'स्कूल्स आउट' बघते. लाचेचा मुद्दा मागे घेत नाही.

सांगलीकर_बाई
रेवा, लाच आधी देतात गं. आइस्क्रीम तर सगळ्या वर्गासाठी यायचंच होतं, कट असो वा नसो. पंधरा ऑगस्टला आम्ही लिमलेटच्या गोळ्या वाटायचो, ती काय लाच होती?

खडूस_मावशी
माझ्या वर्गात होती. गोळी हातात पडेपर्यंतच शांतता टिकायची.

नाना_जर्सीकर
याच गोष्टीची दुसरी आवृत्ती कुणी पाहिली का? 'बोअर्ड ऑफ एज्युकेशन', १९३६. टोळीतले स्पँकी आणि अल्फाल्फा दातदुखीचं सोंग करतात. अल्फाल्फाच्या गालात फुगा कोंबून गाल सुजवलेला! इथल्या बाई मिस लॉरेन्स. त्यांनाही आधीच सुगावा लागलेला, इथेही घरी जायची परवानगी मिळते आणि मग आइस्क्रीमचा शोध लागतो. परत यायचं तर बाई अल्फाल्फाला गाणं म्हणायला उभं करतात. तोंडात फुगा, आणि गाणं तर म्हणायचंय. या एका रिळाच्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. एवढ्या लांबलचक मालिकेला मिळालेलं तेवढं एकच.

मला विचाराल तर फुग्याचं गाणं जास्त हसवतं, पण 'टीचर्स पेट' लक्षात राहतो. ऑस्करवाल्यात पोरांना नुसतं पेचात पकडलंय. बाहेर जाऊन बसणारं आणि मनातून खजील झालेलं त्यात कुणी नाही.

फुलपात्र
नाना, आज घरी लावला. लेक फुग्याला इतकी हसली की तिला उचकी लागली. बायको म्हणाली, 'हे चालेल. इथे बाई खेळतायत, धडा शिकवत नाहीयेत.' म्हणजे आक्षेप आइस्क्रीमला नव्हता. जॅकीच्या रडण्याला होता. ते रडणं तिला खोटं वाटत नाही.

पडद्यामागे
वहिनींची नजर चांगली आहे. कारण रडवण्याची खरी गोष्ट कॅमेऱ्यापलीकडची आहे.

जॅकी कूपर लगेच १९३१ मध्ये पॅरामाउंटच्या 'स्किपी'त झळकला. प्रमुख अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन, वय नऊ. त्या गटात एवढ्या लहान वयात अजून दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग, नात्यानं त्याचा काका. एका प्रसंगात जॅकीला रडू येईना. तेव्हा त्याला धमकी दिली की तुझ्या कुत्र्याला गोळी घालू. पहारेकऱ्यानं कुत्रा आड नेला आणि बंदुकीचा आवाज झाला. पोरगं जे फुटलं ते थांबेना. नंतर कुत्रा धडधाकट आणून दाखवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे १९८१ ला आलेल्या आत्मचरित्राला त्यानं नावच दिलं 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. हाच कूपर १९७८ च्या 'सुपरमॅन'मधला संपादक पेरी व्हाइट.

वकीलसाहेब, कलम १७ इथे लावा.

वकीलवाडा
इथे फी घेणार नाही.

सांगलीकर_बाई
वाचून अंगावर काटा आला. रोचकडे काय परिस्थिती होती?

पडद्यामागे
ताई, तिथे तुमच्याच व्यवसायातली एक बाई होती. कॅलिफोर्नियात बालकलाकारांना रोज ठरावीक तास शिकवणं बंधनकारक होतं, म्हणून कल्व्हर सिटीच्या स्टुडिओतच शाळा. तिथल्या शिक्षिका फर्न कार्टर. चित्रण कितीही रंगात आलेलं असो, तास भरायचे असले की मुलं त्यांच्या ताब्यात. दिग्दर्शक हात चोळत बसायचा. पोरं पडद्यावर मिस क्रॅबट्रीची शाळा चुकवायचे बेत करत होती आणि दिवे विझले की कार्टरबाईंच्या वर्गात खरी वजाबाकी.

खडूस_मावशी
मला या कार्टरबाईंवर सिनेमा हवा. टोप न घालता.

सांगलीकर_बाई
मावशी, +१.

आणि फुलपात्र, तुमच्या सौ. ना आता असं सांगा : जॅकी रडला तिथे लेक गप्प झाली, तर तिला विचारा की तो कशानं रडला. आइस्क्रीम हुकलं म्हणून, की ज्यांना खाष्ट ठरवलं होतं त्या चांगल्या निघाल्या म्हणून? सात वर्षांच्या पोरीला हे नीट सांगता येतं. ती जे सांगेल ते इथे लिहा. आम्हा मोठ्यांचं पुरे झालं.

फुलपात्र
विचारलं. म्हणाली, 'त्यानं गाडीत बाईंना सगळं खरं सांगितलं होतं ना, म्हणून.'

खोदून विचारलं तर 'तुला नाही कळणार' म्हणून खेळायला गेली. मी आणि बायको दोघंही यावर अजून चर्चा करतोय.

रेवाकाठ
अरे! म्हणजे बाईंनी विश्वासातली गोष्ट वर्गात वापरली! पोरीनं नेमकं बोट ठेवलं. ती अनोळखी बाई म्हणून त्यानं मन मोकळं केलं होतं. वकीलवाडा, आता जॅकीची बाजू भक्कम आहे.

वकीलवाडा
अशील गाडीत फुकट बसला होता, हे सरकारी वकील विसरू देणार नाहीत.

सांगलीकर_बाई
मी हरले. पण जॅकीनं निदान गाडीतच बाईंना नाव विचारायला हवं होतं.

नाना_जर्सीकर
फुलपात्र, पोरीला आता 'लव्ह बिझनेस' (१९३१) दाखवा. मिस क्रॅबट्री जॅकीच्याच घरी भाड्यानं राहायला येतात. टोळीतला चबी त्यांना मागणी घालायची तालीम ग्रेटा गार्बोच्या पुठ्ठ्याच्या चित्रासमोर करतो. त्यानं नेलेल्या खोक्यात चॉकलेटच्या जागी डांबराच्या गोळ्या निघतात. आणि 'रीडिन अँड रायटिन' (१९३२), मिस क्रॅबट्रीचा शेवटचा. त्यातल्या ब्रीझीला शाळेतून नाव काढून घ्यायचंय, कारण त्याला ट्रामचा कंडक्टर व्हायचंय. सुटी नाणी केवढी गोळा होतात!

गिरगावकर
बाबारे, माझंही तेच स्वप्न होतं! चामड्याची पिशवी, खणखणणारी मोड, दोरी ओढली की घंटा. आमच्या नशिबी १९६४ ला मुंबईच्या ट्रामा बंद झाल्या आणि मला नाइलाजानं मॅट्रिक व्हावं लागलं.

टिवल्याबावल्या
काका, अजून कुणी फ्लेवर सांगितलेला नाही.

पडद्यामागे
सिनेमा कृष्णधवल आहे रे.